टेपखाली फुगे का येतात?

प्रश्न : जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर कागदी टेप लावून दोन थर दिले, तरी फुगे दिसतात. टेप आणि कंपाउंड (सांधे भरायचा लेप) एकदमच लावणारं टेपिंग यंत्र घेतलं तर हे थांबेल का?

उत्तर : यंत्राने हात झपाट्याने चालेल, फुगे थांबतीलच असं नाही. फुगा आला म्हणजे तिथे टेपखाली माल पोचलेला नाही, किंवा तुम्ही पातं इतकं दाबलंत की सगळा बाहेर आला. (दुसरंच जास्त पाहतो मी.) तेवढा तुकडा कापून पुन्हा भरा, वरून थर चढवून फुगा लपत नाही.

यंत्र घेतलंत तर कंपाउंड पाणी घालून सैल करा. टेप लागली की लगेच, मधून दोन्ही टोकांकडे पातं फिरवा. मग 10 इंची फ्लॅट बॉक्स (सांध्यावर कंपाउंडचा सपाट थर ओढणारी पेटी) आणि पूर्ण वाळल्यावर 12 इंची. बोर्डाच्या आखूड कडांना उतार नसतो, तिथे उंचवटा राहणारच. तो दिसू नये म्हणून तिथे थर दोन फुटांपर्यंत पसरवा. जाळीच्या टेपवर मात्र पहिला थर पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या पावडरचाच द्या, तयार कंपाउंडचा नको.