पुरावा म्हणून पाठवलेलं पान

'मुलगी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, विषय युरोपियन स्टडीज. पहिल्या सत्रात 61 टक्के. दर बुधवारी संध्याकाळी विभागातल्या व्याख्यानाला जाऊन बसते. त्याला हजेरी नाही, गुण नाहीत, सर्टिफिकेटसुद्धा नाही. हा वेळ वाया चालला आहे, हे तुमच्यासारख्या तज्ज्ञांनीच तिला सांगावं. तिच्या वहीचं एक पान पुराव्यादाखल जोडतो आहे. ब्रुसेल्समध्ये कायमची नोकरी मिळवायची तर कोणता कोर्स, कोणती परीक्षा, तेही कळवावं.' (एका वडिलांच्या चार पानी पत्रातून)

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. 61 टक्क्यांनी माझी झोप उडालेली नाही. दुसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, तिथे मात्र मी थांबले. व्याख्यानाला आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांना तुम्ही मुलीच्या ईमेलवरून, तिच्या नावानं पत्र धाडलंत. सहा कागदपत्रं जोडलीत आणि 'योग्य संधी' मागितलीत. उत्तर आलं नाही. त्यानंतर मुलीनं पासवर्ड बदलला, अशी तुमची तक्रार आहे. सगळ्या पत्रात मला आशादायक वाटलेली गोष्ट ती हीच!

तुमच्या पत्रात 14 प्रश्न आहेत. मोजले मी. त्यातला एकही तिचा नाही. शिष्यवृत्तीसाठीचं निवेदनही तुम्हीच लिहिलंय, 'तिला नीट मांडता येत नाही' म्हणून. त्याची सुरुवात आहे, 'लहानपणापासूनच मला युरोपीय एकात्मतेचं आकर्षण होतं.' अहो, लहानपणी कुणालाही युरोपीय एकात्मतेचं आकर्षण नसतं. निवड समितीतली माणसं असले अर्ज गठ्ठ्यांनी वाचतात. बापानं लिहिलेलं निवेदन तिसऱ्या ओळीत ओळखू येतं, कारण त्यात उमेदवार कधीच गोंधळलेला नसतो.

आता त्या पानाकडे येते. वरच्या कोपऱ्यात तारीख, वक्त्याचं नाव अर्धवट, खाली बाण आणि चौकोन. मधेच एक फूल काढलंय. त्या फुलावर तुम्ही लाल गोल केलाय, बहुतेक माझ्या नजरेतून सुटू नये म्हणून. पण फुलाच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेलं तुम्ही वाचलंत का? 'अधिकृत भाषा 24. मग कायद्याचा पहिला मसुदा कोणत्या भाषेत लिहितात? ती भाषा ज्याची नाही, त्यानं कधी बोलायचं?'

या प्रश्नावर लोक पीएच.डी. करतात. 1958 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायानं, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या (युरोपीय संघाच्या) आधीच्या रूपानं, काढलेलं पहिलंच नियमन भाषांबद्दलचं होतं. तेव्हा भाषा चार होत्या: डच, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन. आज 24 आहेत, म्हणजे कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेत अनुवाद करायचा म्हटलं तर 552 जोड्या होतात. एवढं असूनही संघाच्या कायद्यांचे मसुदे करणाऱ्या युरोपियन कमिशनचं आतलं काम इंग्रजी, फ्रेंच, जर्मन या तिघींत चालतं आणि मसुदे बहुतांशी इंग्रजीतच जन्माला येतात. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडला, तरी इंग्रजी आत राहिली. आयरिश भाषेला पूर्ण दर्जा मिळायला 2022 उजाडावं लागलं. लक्झेंबर्गिश त्या 24 मध्ये अजूनही नाही, आणि संघाचं न्यायालय मात्र लक्झेंबर्गमध्येच! फुलाखालच्या पेन्सिलीच्या दोन ओळी तुमच्या लेकीला इथवर घेऊन आल्या आहेत. हे पान पुरावा खरंच आहे, पण तुमच्या बाजूचा नाही.

आता ब्रुसेल्स, म्हणजे संघाची मुख्य कार्यालयं जिथे आहेत ते शहर. 'युरोपियन स्टडीज केलं की युरोपियन युनियनमध्ये नोकरी' हा समज कुणी पसरवला कोण जाणे, पण तो इतका पक्का आहे की मला दर महिन्याला खोडावा लागतो. संघाच्या कायम अधिकारीपदांची भरती एप्सो या कार्यालयाच्या स्पर्धेतून होते आणि तिची पहिलीच अट सदस्य देशाचं नागरिकत्व ही असते. अपवाद इतके विरळ की त्यावर बेत आखू नये. तुमच्या मुलीकडे ते नागरिकत्व नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पदवी कितीही वरच्या श्रेणीत मिळवली तरी ही अट हलत नाही. दुसरं म्हणजे, ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे त्यांनाही या विषयाची पदवी असावीच लागते असं नाही. तिथं वकील लागतात, अर्थतज्ज्ञ लागतात, लेखापरीक्षक आणि अनुवादक लागतात. बाहेरच्या देशांतल्या तरुणांसाठी एक खिडकी आहे, कमिशनची ब्लू बुक ट्रेनीशिप. निदान तीन वर्षांची पदवी लागते, मुदत पाच महिने, तुकड्या 1 मार्च आणि 1 ऑक्टोबरला सुरू होतात. पण बाहेरच्यांच्या जागा मोजक्या, आणि पाच महिने संपले की संपलं. ती नोकरीची पहिली पायरी आहे असं सांगून कुणी फी मागत असेल तर सरळ बाहेर पडा.

(कंसात एक गोष्ट सांगते, रागावू नका. 'युरोपियन कौन्सिल किंवा कौन्सिल ऑफ युरोप, कुठेही चालेल' असं तुम्ही लिहिलंय. पहिली म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांची बैठक. दुसरी स्ट्रासबूर्गची 46 देशांची संघटना, 1949 ची, तिचा युरोपियन युनियनशी थेट संबंधच नाही. मंत्र्यांची तिसरी कौन्सिल आणखी वेगळी. मुलीला विचारा, ती एका दमात सांगेल.)

मग या विषयाला काम कुठे? जिथे युरोपचा नियम येऊन दुसऱ्याच्या दारावर थाप मारतो, तिथे. कार्बनच्या सीमाशुल्काचंच घ्या, सीबॅम म्हणतात त्याला. 1 जानेवारी 2026 पासून ते पूर्णपणे लागू झालं. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं युरोपात आणणाऱ्या आयातदाराला त्या मालामागच्या उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब तो कारखानदाराकडे मागतो. कारखान्यात ते नियमन उघडून वाचू शकणारं माणूस कितीदा असतं? कायदा सल्लागार संस्था, व्यापारी संघटना, दूतावास, स्वयंसेवी संस्था, अनुवादाचा व्यवसाय, सगळीकडे असं माणूस लागतं. पदाच्या नावात 'युरोपियन स्टडीज' मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे नातेवाइकांना सांगताना अडचण होते, हे मान्य.

ज्या बुधवारांवर तुमचा राग आहे, ते फुकटचे का असतात हेही ऐका. युरोपियन कमिशन 1989 पासून 'जाँ मॉने' नावाची योजना चालवतं. तिच्यातून विद्यापीठांना तीन वर्षांसाठी पैसे मिळतात. या योजनेतलं अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, घेतलेल्या प्राध्यापकाला वर्षाला निदान 90 तास शिकवावं लागतं, आणि वर्गाबाहेरच्या लोकांसाठी कार्यक्रम करणंही अपेक्षित असतं. म्हणून दार उघडं, म्हणून हजेरी नाही. सगळीच व्याख्यानं या पैशावर चालत नाहीत आणि सगळीच ऐकण्यासारखी नसतात. झोप येईल अशी मीही ऐकली आहेत. पण शेवटची पाच मिनिटं पाहा. टाळ्या झाल्या, लोक पिशव्या उचलताहेत, खुर्च्या सरकताहेत, आणि त्या गलबल्यात संयोजक दोन वाक्यं बोलतो: उन्हाळी शाळेचे अर्ज अमुक तारखेपर्यंत, कौन्सिलच्या अभिरूप बैठकीसाठी दोन विद्यार्थी हवेत. ती दोन वाक्यं ऐकायला जे बसलेले असतात, त्यांनाच ती मिळतात. आणि शिफारसपत्र मागायची वेळ आली की प्राध्यापकाला 61 टक्के आठवत नाहीत, तो भाषेचा प्रश्न कुणी विचारला ते आठवतं. विचारला असेल तर. वहीत ठेवला असेल तर नाही. हे एवढं मला तिला सांगायचं आहे.

शिष्यवृत्त्यांत इरास्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या योजनेतल्या संयुक्त मास्टर्सकडे तिनं स्वतः बघावं: निदान दोन देशांत शिक्षण, महिना 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. बहुतेकांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात आणि ते थेट त्या विद्यापीठांच्या गटाकडे जातात, मध्ये एजंट लागत नाही. बेल्जियममधल्या ब्रुझचं कॉलेज ऑफ युरोप नामांकित आहे, पण तिथं इंग्रजीसोबत फ्रेंच बहुतेक ठिकाणी लागतेच. पीएच.डी.चा विचार आला तर फ्लोरेन्सची युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट. स्पर्धा परीक्षा आणि प्राध्यापकीची पात्रता परीक्षा हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत; तिला जायचं असेल तर ती जाईल. एम.ए. अर्धवट सोडून व्यवस्थापनाची पदवी घ्यायची का? नको. त्याऐवजी फ्रेंच किंवा जर्मन, एकच, आणि बी-टू पातळी (भाषा सहज वापरता येईल इतकी) पार होईपर्यंत. ज्या मुलीला भाषेच्या राजकारणाचा प्रश्न पडतो, तिला एखादी भाषा आतून शिकल्याशिवाय चैन पडणार नाही.

तुम्ही लिहिलेलं निवेदन मी दुरुस्त केलेलं नाही, तसंच परत पाठवते आहे. वहीचं पान मात्र तिच्या हातात द्या, लाल गोलाबद्दल काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पुढचं पत्र तिला लिहावंसं वाटलं तर तिचं येऊ दे, नाही वाटलं तरी हरकत नाही. येत्या बुधवारी ती उशिरा घरी आली की व्याख्यान कशावर होतं तेवढं विचारा.

पासवर्ड विचारू नका.