अकिता नॉर्दर्न हॅपिनेट्स हा जपानी बास्केटबॉल क्लब एकही मोठी ट्रॉफी नसताना इतका लोकप्रिय कसा?

ट्रॉफीचं म्हणाल तर पाटी कोरीच आहे. बीजे लीग या जपानी व्यावसायिक स्पर्धेत २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन अंतिम सामने हे लोक हरले. पहिला र्‍यूक्यू गोल्डन किंग्जकडून, दुसरा हामामात्सुच्या फिनिक्सकडून. गेली काही वर्षं मी हा क्लब लांबून पण नेमाने बघतोय, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्लबच्याही आधीच्या काळात आहे.

अकिता म्हणजे जपानच्या मुख्य बेटाच्या वायव्येचा, समुद्राकाठचा, भरपूर बर्फाचा आणि भाताचा प्रांत. त्यात नोशिरो नावाचं एक छोटं शहर. तिथल्या टेक्निकल हायस्कूलमध्ये हिरोया कातो नावाच्या प्रशिक्षकांकडे उंच पोरं नव्हती, म्हणून त्यांनी आहेत त्यांना पळवलं. बॉल मिळाला की सुसाट सुटायचं. गेला की प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच बास्केटखाली कोंडायचं, मैदानाची मधली रेषासुद्धा ओलांडू द्यायची नाही. १९६७ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं आणि पुढे त्या एका शाळेच्या नावावर अशी ५८ जमा झाली! युता ताबुसे इथलाच. शाळेच्या तीन वर्षांत त्याच्या संघाने नऊच्या नऊ राष्ट्रीय स्पर्धा मारल्या, आणि २००४ मध्ये फिनिक्स सन्सकडून एनबीए या अमेरिकी लीगमध्ये उतरलेला पहिला जपानी तोच. आजही नोशिरो स्टेशनच्या फलाटावर बास्केटबॉलचा पोल उभा आहे. पर्यटकांची गाडी थांबली की प्रवासी खाली उतरून एखादा शॉट मारून बघतात.

म्हणजे प्रेक्षक तयार होता, तोही जाणकार. आजीबाईलाही ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता जास्तीची पावलं टाकण्याची चूक) कळणार असा. पण पोरं अठरा वर्षांची झाली की टोकियोकडच्या विद्यापीठांत आणि मग कंपन्यांच्या संघांत जायची. जपानमध्ये तेव्हा वरच्या दर्जाचं बास्केटबॉल म्हणजे कंपनीचा संघ, कंपनीचा पगार. अकितात तशी कंपनी कुठली असायला?

२००५ मध्ये बीजे लीग सुरू झाली आणि गावाच्या नावाने व्यावसायिक क्लब काढायची वाट मोकळी झाली. अकितासाठी ती वाट धरली युकी मिझुनो या तरुणाने. हा मूळचा टोकियोचा, अकिताच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठात शिकायला आलेला. बाकीची पोरं अकिता सोडून टोकियो गाठतात, हा उलटा आला आणि राहिला. २००९ मध्ये त्याने कंपनी काढली. 'हॅपिनेस' आणि 'नेटवर्क' जोडून 'हॅपिनेट्स' हे नाव ठरलं, रंग गुलाबी. (दोन्ही गोष्टी पहिल्यांदा ऐकून मला हसूच आलं होतं.) २०१०-११ हा पहिला हंगाम; तो संपायच्या आतच मार्चचा महाभूकंप आणि त्सुनामी झाली, शेजारच्या सेंदाईच्या क्लबला तर उरलेला हंगामच सोडावा लागला.

सामना सुरू व्हायच्या आधीचं दृश्य मात्र बघाच. गुलाबी शर्टातले हजारो लोक उभे राहतात आणि प्रांताचं गीत म्हणतात, सगळे मिळून. १९३० चं गाणं, चाल अकिताच्याच तामेझो नारिता यांची. त्यात चोकाई पर्वत येतो, ओगाचा खवळलेला किनारा येतो, तोवादा आणि ताझावा ही सरोवरं येतात. एरवी असली गाणी सरकारी समारंभात लोक ओठ हलवल्यासारखं करून उरकतात. इथे लहान पोरांनाही शब्द येतात, आणि पाहुणा संघ गुपचूप उभा राहून ऐकतो.

२०१६ मध्ये बीजे लीग आणि कंपन्यांच्या संघांची लीग अशा फुटलेल्या लीग एकत्र होऊन बी लीग झाली, आणि पहिल्याच हंगामात हॅपिनेट्स खालच्या श्रेणीत घसरले. तेव्हा प्रशिक्षक होते माकोतो हासेगावा, नोशिरोच्याच शाळेचे, आधी याच क्लबकडून खेळलेले. घरच्या माणसाच्या हातून असं झालेलं जास्त लागतं. पुढच्या वर्षी स्पॅनिश प्रशिक्षक जोसेप क्लारोस आले. पुन्हा तेच जुनं औषध: पूर्ण मैदानभर दाबून बचाव, दमलेले खेळाडू सतत बदलत राहायचे. एका हंगामात संघ वर आला. २०१९ पासून केन्झो माएदांनी तो बचाव आणखी घट्ट केला आणि २०२१-२२ मध्ये संघ बाद फेरीपर्यंत पोचला. बचावासाठी टाळ्या मिळवणारे संघ कमी असतात. अकितात बॉल हिसकावला की शॉट पडल्याइतका आवाज होतो.

खरी अडचण मैदानाबाहेर आहे. प्रांताची लोकसंख्या २०१७ मध्येच १० लाखांच्या खाली गेली आणि घसरण चालूच आहे. बी लीगच्या 'बी प्रीमियर' या नव्या सर्वोच्च श्रेणीसाठी मात्र सरासरी ४,००० प्रेक्षक, वर्षाला १२० कोटी येनची उलाढाल आणि नव्या धाटणीचा अरिना अशा अटी होत्या. मागे कुठलीही बडी कंपनी नसताना अकिताने ती जागा मिळवली. माझ्या लेखी हे एखाद्या ट्रॉफीपेक्षा अवघड काम होतं. नवा अरिना उभा राहिला की तिकिटांचे भाव वाढतील आणि त्यावरून तिथे कुरबूर होईल, हे मात्र गृहीत धरा.