चार मिनिटांच्या अभंगाची एकच रेकॉर्ड कापायला आठवडा का लागतो?

आईने गायलेल्या अभंगाची एकच रेकॉर्ड करून हवी आहे, तर कारागीर आठवड्याची मुदत का मागतो आणि एका प्रतीचे एवढे पैसे का सांगतो, असे आपण विचारले आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान गाळ्यात मी हेच काम करतो. प्रत्यक्ष कापायला चारच मिनिटे लागतात, हे खरे आहे; मात्र ती चार मिनिटे मध्येच थांबवता येत नाहीत आणि झालेली चूक खोडता येत नाही. कारखान्यात एका मूळ तबकडीवरून धातूचे साचे घेतात आणि त्यांतून शेकडो प्रती दाबून काढतात, म्हणून फसलेल्या प्रयोगांचा खर्च त्या शेकडो प्रतींत विभागला जातो. आपल्या बाबतीत तो सगळा एकाच तबकडीवर पडतो.

सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरते, म्हणजे चार मिनिटांत १८० फेरे होतात. तेवढ्या वेळात हिऱ्याची तापवलेली सुई केसाहून बारीक अशी एकच सलग खाच कोरत आत सरकते आणि त्या खाचेतून निघालेला प्लॅस्टिकचा धागा उलगडून मोजला, तर तो सुमारे ७५ मीटर भरेल. या कामातला खरा शत्रू हा धागाच आहे. सुईच्या मागे शोषनळी लावून तो ओढून घ्यावा लागतो. नळी जराशी चुकली की धागा फिरत येऊन सुईखाली सापडतो आणि तबकडी तिथेच वाया जाते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की स्थिर विद्युतभारामुळे तो तबकडीला चिकटून बसतो. पावसाळ्याला सगळे नावे ठेवतात, पण या एका बाबतीत मला तो सोयीचा वाटतो. सुईचे तापमानही नेमके लागते, कारण सुई थंड राहिली तर खाचेच्या भिंती खरबरीत होऊन सतत खरखर ऐकू येते आणि फार तापली तर प्लॅस्टिक वितळून धागा तुटतो. हा मधला बिंदू प्रत्येक खेपेच्या कोऱ्या तबकड्यांबरोबर थोडा हलतो, म्हणून आधी एका टाकाऊ तबकडीवर दहा-पंधरा सेकंद कापून सूक्ष्मदर्शकाखाली खाचेची रुंदी पाहावी लागते.

कोरी तबकडी म्हणून लॅकरच्या नाजूक मुलाम्याची तबकडी का वापरत नाही, असेही काही जण विचारतात. ॲल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर दिलेल्या त्या तबकड्या उत्तम कापल्या जातात, पण त्या साचा घेण्यासाठी असतात. घरी वारंवार वाजवल्या तर लवकर झिजतात. शिवाय कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील अपोलो मास्टर्सचा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळाल्यापासून त्या मिळवणेही अवघड झाले आहे.

जागेचाही त्रास असतो. सुई ध्वनी आणि हादरा यांत भेद करत नाही. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस आहे. तो एकदा दाबला की माझ्या खाचेत एक धप्प कायमची उमटते. एका आजीच्या जात्यावरच्या ओव्या कापताना तिसऱ्या मिनिटाला असेच झाले आणि ग्राहकाला वाटले की ती जात्याचीच घरघर आहे! मी खरे सांगून टाकले आणि नवी तबकडी घेतली. तेव्हापासून अंतिम कापणी मी रात्री दहानंतर किंवा शेजारच्या सुट्टीच्या दिवशीच करतो, त्यामुळे आठवड्याच्या मुदतीतले दोन-तीन दिवस केवळ शांततेची वाट पाहण्यात जातात.

तरीही या सगळ्यापेक्षा अधिक वेळ ध्वनी तयार करण्यात जातो, आणि आपल्या संगीताच्या बाबतीत तर विशेषच. कापताना खर्ज (खालचे जाड ध्वनी) कमी आणि टीप (वरचे तीव्र ध्वनी) वाढवून कोरावी लागते. वाजवणारे यंत्र नेमके उलटे करून मूळ तोल परत आणते. खर्ज तसाच कोरला तर सुई इतकी झोके घेईल की शेजारची खाच फुटेल. परंतु टीप वाढवली की ‘स’, ‘श’ आणि ‘च’ बोचू लागतात, आणि टाळ तर कापणाऱ्या यंत्राची नाजूक वेटोळी तापवून जाळूही शकतो. अभंगात एका बाजूला पखवाज आणि दुसऱ्या बाजूला टाळ, म्हणजे दोन्ही टोकांची संकटे एकाच वेळी येतात. पखवाजाचा खर्ज डाव्या-उजव्या वाहिन्यांत परस्परविरोधी नोंदला गेला असेल, तर सुई आडवी हलण्याऐवजी वर-खाली होते आणि खाच मध्येच उथळ पडते. म्हणून खर्ज मी नेहमी एकवाहिनी (मोनो), म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, करून घेतो.

त्यातही एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही पुस्तिकेत मला सापडली नाही, ती गाळ्यातच शिकलो. तबकडीचा वेग फेऱ्यांत कायम असला, तरी खाच सुईखालून सरकण्याचा वेग आत जाताना घटत जातो: सात इंची तबकडीच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर असतो आणि लेबलजवळ सुमारे २५. म्हणजे बारीक, तीव्र ध्वनीसाठी सगळ्यात वाईट जागा शेवटची असते. आपले भजन मात्र संथ सुरू होते आणि शेवटी द्रुत लयीत, टाळांच्या कल्लोळात संपते. जिथे जागा कमी पडते, नेमका तिथेच भर येतो. अशा वेळी मी शेवटच्या मिनिटातील टाळाची पातळी थोडी उतरवतो, किंवा गाणे लांब असेल तर ते दोन बाजूंवर विभागतो. ग्राहकाला हे सहसा आवडत नाही. तरी फाटलेला टाळ ऐकण्यापेक्षा मधेच बाजू उलटणे बरे, असे माझे मत आहे.

आपण ध्वनिफीत पाठवाल तेव्हा व्हॉट्सॲपवरून आलेली नको, मूळ फाइल द्यावी, कारण आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलमधले ‘स’ आधीच विस्कटलेले असतात आणि कापताना ते अधिकच उघडे पडतात. ध्वनिमुद्रण अजून व्हायचे असेल, तर टाळकऱ्यांना माइकपासून चार हात दूर बसवावे.