भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून दोघांनाच निवांत बेटावर जायचं आहे. ताजे मासे कुठं मिळतील?

अंदमानला जा, पण हॅवलॉकपेक्षा नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, मुक्काम जास्त ठेवा. गर्दी कमी. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलायचं, पुढं पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोट. आम्ही नवराबायको तलावातल्या मरळ-झिंग्यांवर वाढलेले. समुद्राच्या मासोळीचा वास सोसेल का, ही हिची धास्ती. पण ताज्या सुरमईला तसला वास येतच नाही! काटेही कमी, रोहूसारखं निवडत बसावं लागत नाही. खेकडा वजनावर देतात, भाव आधी विचारा. तिखट आपल्या मानानं फिकंच, ठेचा सोबत न्या. पावसाळा टाळा, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास बुडतो, त्यामुळं किनाऱ्यावर चारलाच पोचा.