मटारची टरफलं फेकू नकोस

रिझोत्तोला, म्हणजे इटलीच्या मऊसर भाताला, पहिल्यांदाच हात घालतेयस, तर केशराच्या मिलानी प्रकाराआधी व्हेनिसचा मटारभात करून बघ. तिकडे त्याला 'रिझी ए बिझी' म्हणतात. २५ एप्रिलला, संत मार्कच्या सणाला, तो व्हेनिसच्या डोजेच्या, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या, पानात वाढला जाई. त्या भागात कोवळा मटार आला की घरोघरी अजूनही हाच भात होतो.

टरफलं फेकू नकोस, ही कळकळीची विनंती. धुऊन, मीठ घालून अर्धा तास उकळ, मऊ झाली की वाटून गाळ. हा हिरवा रस गरमच ठेव. भाताचा खरा गोडवा त्यात आहे.

लोण्यात कांदा परत, तांदूळ परत, मग पळी-पळीने रस. तांदूळ धुवायचा नाही, नाहीतर भात मिळून येत नाही. व्हेरोनाकडचा व्हियालोने नानो उत्तम, आर्बोरियो चालेल, बासमती मात्र नको. कोवळे दाणे शेवटच्या पाच-सात मिनिटांत.

गॅस बंद केल्यावर लोणी, पार्मेजान चीज, पार्सली. भात सरसरीत हवा, चमच्याने खाण्याजोगा. घट्ट वाटला तर आणखी एक पळी रस घाल आणि लगेच वाढ. थांबलीस की आळलाच म्हणून समज.