एकाच बिलाचे पाच ईमेल

प्रश्न : ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या रकमेचे बिल मंजुरीसाठी आले की व्यवस्थापकांना ईमेल जावा, असा नियम मी आमच्या कार्यालयाच्या वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये लावला आहे. परंतु एकाच बिलाचे पाच-पाच ईमेल जातात आणि आता ते कोणी उघडतही नाही. कोठे चुकले असावे?

उत्तर : आपला नियम बहुधा 'नोंद तयार झाल्यावर किंवा बदलल्यावर' या पर्यायावर बेतलेला आहे. शेऱ्यातील एखादी वेलांटी दुरुस्त केली, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी नोंद बदललीच, आणि रक्कम मर्यादेच्या वरच असल्यामुळे ईमेल पुन्हा निघतो. त्यासाठी 'सूचना पाठवली' असा होय-नाहीचा एक रकाना ठेवावा आणि ईमेल गेल्यावर नियमानेच तो 'होय' करावा. मात्र हा रकाना भरणे हादेखील नोंदीतील बदलच असल्याने, तो 'नाही' असेल तरच नियम सुरू व्हावा, ही अट आरंभीच घालावी. एरवी नियम स्वतःलाच पुन्हापुन्हा जागे करत राहतो, आणि हा घोळ अनुभवी मंडळींच्या हातूनही होतो.

बिलाचा क्रमांक व रक्कम ईमेलच्या विषयातच द्यावी. रेंगाळलेल्या बिलांसाठी मात्र स्वतंत्र ईमेल नकोत. रोज सकाळी एकदाच चालणाऱ्या वेगळ्या नियमाने त्यांची एकत्रित यादी पाठवावी.