फुली मारण्याआधी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. खाली जोडलेला वहीचा फोटोही पाहिला. "तीनदा शिकवलं गुरुजी, तरी हातच्याची वजाबाकी येत नाही. आमच्या तिसरीला गणिताची बुद्धीच नाही," असं लिहिलंयस, आणि वर शैक्षणिक साहित्याची यादी मागितलीयस. यादी मी देणार नाही. फोटोबद्दल बोलू.

52 − 27 = 35. त्यावर तुझी लाल फुली. आता त्याच पानावरची पुढची दोन गणितं बघ. 43 − 18 = 35. 61 − 34 = 33. पोरानं तिन्हीकडे एकच नियम पाळलाय: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग मोठा वर असो नाहीतर खाली. हा नियम त्याला मिळाला कुठून? "लहानातून मोठं जात नाही" हे वाक्य फळ्यापाशी उभं राहून तू किती वेळा म्हणालीस ते आठव. पोरगं तुझंच ऐकतंय. पानभर एका नियमाला धरून चालणाऱ्या पोराला बुद्धी नाही म्हणतेस?

म्हणून सांगतो, फुली मारण्याआधी त्याला विचार, "कसं केलंस?"

"का चुकलं?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला पोरं खाली बघतात, दुसरं काही करत नाहीत. "कसं केलंस?" एवढंच विचार, आणि मग गप्प बस. मास्तरकीत हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. पोरगं दोन शब्द बोलतं न बोलतं तोच आपण "अरे तसं नाही, हे बघ" म्हणून खडू उचलतो. नको उचलूस.

साहित्य म्हणशील तर आईसक्रीमच्या काड्या आणि रबरबँड पुरेत. तुझ्या शाळेत गणितपेटी असेलच, बहुतेक मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या त्या पोरापुढे ठेव आणि म्हण, "मला सत्तावीस दे." दोन गठ्ठे तो चटकन देईल. मग सात सुट्ट्या हव्यात, आणि हातात दोनच. तो गठ्ठा उचलेल, रबराला बोट लावेल आणि तुझ्याकडे बघेल, काढू का म्हणून. त्या वेळी तू मान हलवलीस तर तो गठ्ठा तू सोडलास. तो खिडकीबाहेर बघू दे, रबर ताणू दे. त्याच्या हातानं रबर निघालं की "दशक सुटा केला" हे वाक्य त्याचं झालं. मग परत विचार, कसं केलंस?

हे बरोबर आलेल्या उत्तरांनाही विचार. विशेष करून त्यांनाच. आम्ही फक्त चुकल्यावर विचारतो, म्हणून पोरांना वाटतं, बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं, आणि ती बरोबर उत्तरसुद्धा पुसून टाकतात.

माझ्या वर्गात एक पोरगा होता, बापाबरोबर आठवडी बाजारात मिरची विकायला बसायचा. 52 − 27 त्यानं तोंडी सांगितलं, पंचवीस. मांडणी केली नव्हती. कसं केलंस? "सत्तावीसला तीन दिले, तीस झाले. मग वीस, पन्नास. वर दोन. झाले पंचवीस." दुकानदार मोड परत देतो तसं. मी त्याला फळ्यापाशी उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, ही एक रीत, अजून कुणाची वेगळी आहे का? दोन निघाल्या. तो तास तिथंच संपला. नेमके त्याच दिवशी एक साहेब शाळाभेटीला आले होते. शेरा लिहून गेले: "उभी मांडणी घेतलेली नाही. अभ्यासक्रम मागे आहे." मागे होता, खरंच होता. पण जो होता तो पोरांच्या डोक्यात होता, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. "हो साहेब" म्हणालो. ती गोष्ट अजून घशात अडकते. आता निवृत्तीनंतर तुला सांगून काय उपयोग, तरी सांगतो.

आणि हो, तुझी मुलं बावन्न ऐकून 25 लिहितात म्हणतेस. लिहिणारच. बोलताना आपण एकक आधी म्हणतो, लिहिताना दशक आधी मांडतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेत विनोद झाले, मराठी बुडाली म्हणून लोक ओरडले. गणिताच्या विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत होत्या की हा उलटा क्रम आणि ती जोडाक्षरं पोरांना जड जातात. तू दोन्ही म्हणून घे, बावन्न आणि पन्नास दोन. भांडण मोठ्यांचं आहे. पण 25 लिहिणाऱ्या पोरालाही आधी विचार. त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय.

आता तुझं खरं गाऱ्हाणं. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, वरून निपुण भारत या वाचन-गणिताचा पाया पक्का करायच्या सरकारी मोहिमेची उद्दिष्टं, ऑनलाइन माहित्या, चाचण्या. एकेका पोराला विचारत बसायला वेळ कुठून आणू? मला हे ऐकलं की राग येतो, तुझा नाही, या वाक्याचा. आम्हीही हेच म्हणायचो. मुलांना काय येतं ते पाहणारे असर सर्वेक्षणवाले घरोघर जाऊन एकेका मुलासमोर बसतात, वजाबाकी-भागाकार करून घेतात. परकी माणसं ओट्यावर एवढी बसतात, आणि तू रोज पोरांसोबत असून बसणार नाहीस? सर्वेक्षणवाल्यांना फक्त येतं की नाही एवढंच टिपायचं असतं. तुला कसं येतं ते कळू शकतं. रोज तीन पोरं घे. चौथीला तोवर पाढे लिहायला बसव, कंटाळू देत. वीसच्या वीस उदाहरणं तपासू नकोस, दोन तपास आणि त्या दोनांबद्दल विचार. केंद्रप्रमुखांना पाठाच्या टाचणात "एकक-दशक दृढीकरण" दिसलं की ते खूश असतात, आणि ते खोटंही नाही.

पाठांतराच्या मी विरोधात नाही, हेही लिहून ठेव. पाढे पाठ हवेतच, आमच्या वडिलांना दिडकी-अडीचकी, म्हणजे दीडाचे-अडीचाचे पाढेसुद्धा यायचे. पण सात आठे छप्पन्न म्हणणाऱ्याला मध्येच थांबवून "आठ साते?" विचार. गाडी अडली, तर कसं काढशील म्हणून विचार. पुन्हा तेच. कंटाळलीस ना माझ्या एकाच पालुपदाला? पोरांना कंटाळा येत नाही. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

उद्या चौथीला फळ्यावर एवढंच लिहून दे: 8 + 4 = ☐ + 5. बरीचशी चौकटीत 12 लिहितील, काही 17 लिहितील. खोडू नकोस, उत्तरही सांगू नकोस. 12 वाल्याला आणि 7 वाल्याला समोरासमोर बसव आणि एकमेकांना सांगायला लाव. ते काय बोलले ते रात्री मला कळव. किती चुकली त्याचा आकडा नको.

– गुरुजी